पान सत्तेचाळीस

माई गाडीतून उतरायला तयार नव्हती आणि मिस्तरीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "बसू द्या हो," तो म्हणाला होता, "माईंच्या वजनाने माझा खड्डा काही खचत नाही." त्यामुळे त्या रविवारी सकाळी गॅरेजातल्या लांबट खड्ड्यावर गलबत उभं होतं, खड्ड्यात मिस्तरी होता आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, माई बसली होती. काचा तिने वर करून घेतल्या होत्या. बाहेर तिची तिन्ही मुलं भांडत होती आणि काचेतून ते भांडण शेजारच्या बिऱ्हाडातल्या रेडिओसारखं ऐकू येत होतं, म्हणजे सूर कळत होता, शब्द नाही.

गलबत हे नाव माईच्या नवऱ्याने, नानांनी, ठेवलं होतं. गाडी दुधाळ निळ्या रंगाची, अघळपघळ, वळताना आधी नाक वळवणार आणि मग सावकाश बाकीचं अंग. लहानपणच्या आजारात माईचा डावा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला होता, तेव्हा क्लचचा प्रश्नच नव्हता. आपोआप गिअर बदलणारी गाडी त्या काळी शोधून सापडत नव्हती, ती नानांनी शोधून आणली. गाडीला एकतीस वर्षं झाली आणि नानांना जाऊन तीन. एवढ्या वर्षांत गलबताने वाचनालयांची फाटकी पुस्तकं माईच्या बांधणीच्या दुकानात आणली होती आणि शिवलेली, डकवलेली, नवी कापडी पाठ लावलेली पुस्तकं परत पोचवली होती.

छपराच्या धुरकट काचेतून ऊन खाली उतरत होतं. त्यात लोखंडाचा बारीक भुगा तरंगत होता, न वर जात होता, न खाली बसत होता. माईचे डोळे जड झाले. पायांखाली, अगदी तळव्यांखाली, मिस्तरी कसलासा बोल्ट फिरवत होता आणि त्याची कुरकुर तिच्या ताठ गुडघ्यापर्यंत चढत होती. मग घळघळ आवाज झाला. गलबताच्या पोटातलं तेल खालच्या घमेल्यात पडत होतं. तिला वाटलं, गाडी आता हलकी होईल आणि खरंच पाण्यावर तरंगायला लागेल.

काचेवर टकटक झाली. मधली होती. माईने काच चार बोटं खाली केली.

"माई, चहा सांगू का? दादा काही लवकर आवरणार नाही," मधली म्हणाली. ती औषधांच्या दुकानात होती आणि घरच्यांशीही ती औषध देताना बोलावं तसंच बोलायची, हळू आणि स्पष्ट. "आणि हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. गाडी काय, आज ना उद्या जायचीच."

"किल्ली कुणाकडे आहे?" माईने विचारलं.

मधलीने थोरल्याकडे बघितलं. किल्ली थोरल्याच्या खिशात होती. गेल्या सोमवारी वाचनालयाच्या चढावर गलबताचं इंजिन नुसतंच गर्जत राहिलं आणि गाडी उलटी खाली यायला लागली. थोरला शेजारी बसला होता म्हणून बरं. त्याने हातब्रेक खेचला, किल्ली काढली, खिशात टाकली आणि ती अजून परत दिली नव्हती. थोरला इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. जे वर जातं ते खाली पडणारच, अशा हिशेबाने तो सगळ्या जगाकडे पाहायचा. त्याने सरळ सांगून टाकलं होतं की मिस्तरीने गिअरपेटी संपली म्हटलं की गलबत भंगारात आणि माईचं गाडी चालवणंही बंद. मधलीने मान डोलावली होती. धाकट्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मिस्तरी खड्ड्यातून वर आला. हातात तेल मोजायची लांब काठी होती. ती त्याने पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं सगळ्यांपुढे धरलं. "हा रंग बघा. करपलेला. नाकाजवळ न्या, वास येतो की नाही? हे लाल असायला हवं."

"हे तेल कुणी घातलं होतं?" थोरल्याने विचारलं. विचारण्यासारखं काही नव्हतं. नाना होते तोवर गलबताच्या गिअरपेटीचं तेल नानांखेरीज कुणी बघितलं नव्हतं. ते गेल्यावर धाकट्याने ते काम अंगावर घेतलं. तीन वर्षांत दोनदा, मागच्या अंगणात, गाडीखाली विटा लावून.

"मी," धाकटा म्हणाला. तो माईबरोबर दुकानात बसायचा. हात शांत, बोलणं कमी. "पण पुस्तकात लिहिलंय तेच घातलं. नावासकट, मापासकट."

मिस्तरीने बाकावर दोन डबे ठेवले. "ऐका. ही दोन तेलं. दिसायला जुळी. पण पेटीत चकत्या असतात, त्या एकमेकींना धरतात तेव्हा गिअर पडतो. या तेलात त्या हळूच धरतात, आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. याला आम्ही मऊ म्हणतो. आणि हे कडक. यात गच्चकन धरतात. मान हलते, पण पकड सुटत नाही. तुमची पेटी कडक तेलाची. तिच्यात मऊ घातलं की चकत्या घसरतात, घसरून घसरून जळतात. मग चढावर काय होणार? इंजिन ओरडणार आणि गाडी मागे येणार."

"पण पुस्तकात मऊ लिहिलंय," धाकटा म्हणाला.

"काठीवर कडक कोरलंय," मिस्तरी म्हणाला. "कारखान्यातून आलेली काठी आहे."

आता गंमत अशी, की सकाळपासून एकमेकांची तोंडं न पाहणारी तिन्ही भावंडं या एका वाक्यासरशी एक झाली.

"काठी बदललेली असेल," मधली म्हणाली.

"दुसऱ्या गाडीची असेल," धाकटा म्हणाला.

"मिस्तरी, ते पुस्तक आमच्या माईने बांधलंय," थोरला म्हणाला, आणि अशा आवाजात म्हणाला की पुढे बोलायची सोयच राहू नये. गाडी घेतल्यावर नवव्या वर्षी तिचं माहितीपुस्तक चिंध्या होऊन पडलं होतं. माईने पान न् पान पट्ट्यांवर चढवून शिवलं आणि त्याला निळी कापडी बांधणी केली. तेव्हापासून घरात टायरच्या हवेपासून दिव्याच्या तारेपर्यंत कशावरही वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, पुस्तकात काय म्हटलंय बघ, आणि वाद संपायचा. गावभरच्या वाचनालयांत माईच्या हाताचं नाव होतं. माईच्या हातून पान इकडचं तिकडे होत नाही, असं लोक म्हणायचे आणि माईही ते ऐकून घ्यायची.

"मग पुस्तक बरोबर आहे," थोरला म्हणाला, "काठीही बरोबर आहे, असं धरू. म्हणजे घोळ कुणी घातला? छोट्या, तू डबा नीट वाचला होतास? की अर्धं जुनं, अर्धं नवं, हाताला लागेल ते ओतलंस?"

"दादा, मी दोनदा वाचलं."

"दोनदा वाचून माईला चढावरून उलटी खाली पाठवलीस! मी नसतो तर? बोल ना. मागे भिंत होती, तिथे काय झालं असतं?"

धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी फुलदाणी कुणीही फोडली तरी हा असाच तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहायचा आणि मार खायचा, हे माईला काचेच्या आतून आठवलं.

"दादा, पुरे," मधली म्हणाली. "मुद्दाम केलंय का त्याने?"

"तू सकाळी माझ्या बाजूने होतीस."

"गाडी विकण्यापुरती होते. याला फाडून खाण्यापुरती नव्हते."

माईने समोरचा कप्पा उघडला आणि निळं पुस्तक मांडीवर घेतलं. पान सत्तेचाळीस. गिअरपेटीचं तेल, प्रकार, माप. मऊ तेलाचं नाव स्वच्छ छापलेलं होतं. तिने पानाचा कोपरा दोन बोटांत धरून वाकवला. पान वाकेना. शेजारचं शेहेचाळीसावं वाकवलं, ते मुकाट्याने वाकलं. कागदाला एक कल असतो. कापडाला उभा-आडवा धागा असतो तसा. एका बाजूने तो लवतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. एका छपाईच्या पुस्तकात सगळ्या पानांचा कल एकच असतो. बघणाऱ्याला हे दिसत नाही. बोटांना कळतं.

माईच्या बोटांना कळलं आणि मग बाकीचं सगळं ती बघत असल्यासारखं समोर आलं. बावीस वर्षांपूर्वीचं दुकान. खळीचा आंबूस वास. लांब टेबलावर दोन माहितीपुस्तकं, सुटी, पानापानांत. एक गलबताचं आणि एक जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीचं. गाड्या एकाच कंपनीच्या, डॉक्टरांची पुढच्या सालातली, अक्षरांचा छापसुद्धा तोच. त्या आठवड्यात मधली तापाने फणफणली होती आणि माईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खिडकी उघडी राहिली. वारा आला. पानं टेबलावरून उडून हळूहळू, अगदी आरामात, खाली आली. ती गुडघा ताठ ठेवून फरशीवर बसली आणि गोळा करत गेली, हे यातलं, हे त्यातलं. सत्तेचाळीस दोन होती. तिला ती फरशी दिसली, त्यावरचा उन्हाचा चौकोन दिसला आणि स्वतःचा हात एक पान उचलताना दिसला. किती खात्रीने तो हात उचलत होता!

बाहेर थोरला म्हणत होता, "माईचा हात तेव्हा चुकायचा नाही. आता वय झालं, आता चुकायला लागेल, म्हणूनच मी म्हणतो की किल्ली नको."

काच चारच बोटं उघडी होती. गप्प बसणं फार सोपं होतं. ऐकूच आलं नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं. पुस्तक कप्प्यात ठेवायचं, डोळे मिटायचे. धाकटा काय, चार दिवसांनी विसरेल. विसरणार नाही, हे तिला माहीत होतं. आणि सांगितलं तर काय होईल हेही माहीत होतं. ज्या हाताच्या भरवशावर ती किल्ली मागत होती, तोच हात ती आपण होऊन पुढे करणार होती. तिला भीती वाटली. त्या चढावर वाटली नव्हती एवढी वाटली.

तिने काच पूर्ण खाली केली.

"त्याला बोलू नकोस," ती थोरल्याला म्हणाली. "पान माझं चुकलंय."

तिघेही वळले. खड्ड्याच्या कडेला मिस्तरी फडक्याने हात पुसत होता, तो पुसतच राहिला.

"काय चुकलंय?"

"सत्तेचाळीस. हे आपल्या गाडीचं नाहीच. जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीचं आहे. मी बांधताना अदलाबदल केली. छोट्या, शेहेचाळीसचं शेवटचं वाक्य वाच. आणि लगेच पुढचं पान."

धाकट्याने पुस्तक घेतलं. "'तेल तपासताना इंजिन चालू ठेवावे आणि गाडी सपाट...'" त्याची नजर समोरच्या पानावर गेली. "'...मागील आसनाखाली ठेवलेली असते.'" तो थांबला. त्याने पुन्हा वाचलं. "माई, हे जुळतच नाही."

"बावीस वर्षं जुळत नव्हतं. आपण सगळे फक्त तेलाचं नाव बघत आलो."

"थांब," मधली म्हणाली. "म्हणजे आपलं पान डॉक्टरांच्या पुस्तकात गेलं? म्हणजे ते कडक तेल घालत होते, मऊ पेटीत?" तिचा चेहरा बदलत गेला. "माई! त्यांची गाडी! अगं, ते दवाखान्यापर्यंत यायचे तर टोपी पुढे सरकलेली असायची! मान धरूनच उतरायचे! ते म्हणायचे, गाडी नाही, खेचर आहे!" तिला हसू आवरेना. ती गलबताच्या बॉनेटवर रेलून हसायला लागली, मग धाकटाही हसला आणि माईलाही हसू आलं, कारण एका सज्जन माणसाला तिने तो निवृत्त होईपर्यंत हादरवत ठेवलं होतं आणि त्यावर त्याच्याकडून बांधणीबद्दल आभाराचं पत्रही घेतलं होतं.

थोरला हसला नाही. "पण मग," तो सावकाश म्हणाला, "पुस्तक चुकीचं असेल, तर नानांच्या वेळी गाडी कशी नीट चालली? नानाही पुस्तकच बघायचे. एकोणीस वर्षं. तेव्हाच जळायला हवी होती."

मग मिस्तरी खाकरला.

"माई, एक सांगू का? नानांनी नको म्हटलं होतं. पण आता ते नाहीत आणि पोरगा उगाच बोलणी खातोय." तो खाली खड्ड्यात उतरला, बहुधा तोंड दिसू नये म्हणून, आणि त्याचा आवाज गाडीखालून आला. "नानांना माहीत होतं. बांधणीनंतर पहिल्यांदा तेल बदलायला आले, तेव्हाच त्यांनी काठी वाचली आणि पुस्तक वाचलं. मला म्हणाले, मिस्तरी, तेल कडक द्या, पण मऊच्या डब्यात भरून द्या. मी म्हटलं, पान बदलून घ्या की. तर म्हणाले, आमच्याकडे ते पुस्तक चुकत नाही. दर दोन वर्षांनी रिकामा डबा घेऊन यायचे. मी भरून द्यायचो. घरी परसात जाऊन स्वतः ओतायचे."

माईने स्टिअरिंग धरलं. नाना छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांनी घर चालवलं होतं. जेवताना वर्तमानपत्रातल्या वेलांट्यांवर बोट ठेवायचे, लग्नपत्रिका हातात आली की आधी पेन्सिल शोधायचे. घरात कुणाची एक चूक त्यांनी कधी सोडली नव्हती. ही त्यांनी सोडली होती. एकोणीस वर्षं, डबा धरून, अंगणाच्या कोपऱ्यात, पाठ घराकडे करून. तिला एकदम राग आला. मला सांगायला काय झालं होतं, मी काय काचेची होते? आणि रागाच्या मागोमाग ती घराकडे केलेली पाठ पुन्हा डोळ्यांपुढे आली आणि रागाला जागाच उरली नाही.

"हे गेल्यापासून," ती म्हणाली, कुणाला म्हणाली तिला ठाऊक नव्हतं, "गाडी मऊ झाली होती. पहिल्यासारखी चालेना, तरंगायलाच लागली. मला वाटायचं, मीच तशी झालेय. मला ते बरं वाटायचं. कुठे काही लागायचं नाही."

मग धाकटा दार उघडून शेजारी बसला आणि त्याने तिचा हात धरला.

"मिस्तरी, आता काय?" मधलीने डोळे पुसत विचारलं.

"पेटीच्या तळाच्या ताटलीतल्या लोहचुंबकावर राखाडी लोण्यासारखा गाळ आहे. लोखंडाच्या कपच्या नाहीत. कपच्या असत्या तर मीच म्हटलं असतं, विका. एकदम सगळं तेल निघत नाही, अर्धं आत अडकून राहतं. कडक भरतो, फेरी मारून आणा, काढतो, पुन्हा भरतो. पकड आली तर आली. नाहीतर..." त्याने हात वर केले. "किंवा मऊच ठेवा. सपाट रस्त्याला अजून काही महिने चालेल. गुळगुळीत."

"माईच्या पाठीला गुळगुळीतच बरं," मधली म्हणाली. "हाडांच्या डॉक्टरांनी हादरे नको म्हटलंय. आमच्यापैकी कुणीतरी चालवू."

"कडक," माई म्हणाली.

"माई—"

"कडक भरा मिस्तरी. काठीवर आहे ते."

मिस्तरीने कडक तेलाचा डबा उचलला. थोरला अजून तसाच उभा होता, खिशात हात घालून. तो गाडीला वळसा घालून माईच्या खिडकीशी आला आणि वाकला. जवळून तो नानांसारखा दिसायचा. मनातली माया मात्र त्याच्या चेहऱ्यावर उमटायला फार वेळ लागायचा.

"तू बोलली नसतीस," तो म्हणाला, "तर मला कधीच कळलं नसतं. मी छोट्यालाच धरून बसलो असतो."

"हो."

"आणि मी म्हणत होतो, वय झाल्यावर चुका होतात."

"पन्नाशीत केलेली आहे ती चूक," माई म्हणाली. "तेव्हा दृष्टी घारीसारखी होती. वयावर ढकलू नकोस."

त्याला हसू आलं. ते लपवायला त्याने धाकट्याकडे बघितलं. "छोट्या, मागे बस," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "चुकलं माझं." धाकटा मागच्या सीटवर गेला. मधलीही मागे शिरली. थोरल्याने खिशातून किल्ली काढली, माईच्या तळव्यावर ठेवली आणि वळसा घालून शेजारी येऊन बसला. हातब्रेकवर हात ठेवावा की नाही याचा त्याने विचार केला, माईने तो बघितला, आणि त्याने हात मांडीवर घेतला.

गलबत गॅरेजच्या बाहेर उजेडात आलं. रविवारचा रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंच्या खिडक्या अर्धवट झोपेत होत्या. वाचनालयाच्या चढाला लागताना गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. इंजिनचा आवाज चढत गेला, चढत गेला, सोमवारी चढला होता तसाच, आणि मग आत कुठेतरी गच्चकन काहीतरी धरलं गेलं. चौघांच्याही माना एकदम मागे गेल्या. गाडी वर ओढली गेली.

"माई, लागलं का?" थोरल्याने घाबरून विचारलं.

"लागलं," माई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "असंच लागायचं."